निवारागृहातून श्वान नाहीसा होतो तेव्हा

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर देशभर वाद रंगला तो कुत्री रस्त्यावरून उचलावीत की उचलू नयेत, यावर. त्याच आदेशातील एक अट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. निवारागृहांवर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची नजर असावी आणि तेथून एकही कुत्रा सोडला किंवा बाहेर नेला जाणार नाही याची खात्री करावी, असे न्यायालयाने बजावले होते. निवारागृहात गेलेला कुत्रा तेथेच राहील असे गृहीत धरता येत नाही, हे त्या अटीत अध्याहृत होते.

पुढे २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय खंडपीठाने या आदेशात बदल केला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत; मात्र रेबीज झालेली, त्याची शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले. म्हणजे निवारागृहांवरील भार वाढणार, हे उघड झाले. त्या निवारागृहांचे फाटक, कुलूप आणि नोंदवही कशी आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्राणिप्रेमींचा उरत नाही.

चोरीला नेमके काय जाते?

निवाऱ्यातून एखादे कुत्रे गेले तर एवढे काय बिघडले, जागा तरी मोकळी झाली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण निवाऱ्यातले प्रत्येक कुत्रे तेथे निव्वळ आश्रयाला आलेले नसते.

एखाद्याला चावा घेतलेले कुत्रे दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याची पद्धत आहे. रेबीज झालेले आणि चावताना लाळेतून विषाणू पसरवू शकणारे कुत्रे साधारणतः या मुदतीत आजाराची लक्षणे दाखवते व दगावते. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्यापासून संसर्गाचा धोका नव्हता, असे मानले जाते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून चावा बसलेल्याला लस ताबडतोबच द्यावी लागते. परंतु निरीक्षणातले कुत्रे चौथ्या दिवशी पिंजऱ्यातून नाहीसे झाले, तर रुग्णाच्या डॉक्टरांपुढचा एक महत्त्वाचा आधार जातो. शिवाय ते कुत्रे ज्या घरी पोहोचले असेल, तेथील मुलाबाळांना आपण काय घरात आणले आहे याची कल्पनाही नसते. पार्व्हो किंवा डिस्टेंपरच्या साथीत वेगळे ठेवलेले पिल्लू गेले, तरी ते जेथे जाईल तेथील कुत्र्यांच्या बाबतीत हेच घडते.

दुसरा प्रकार न्यायालयीन प्रकरणातील प्राण्यांचा. क्रूरतेच्या गुन्ह्यात किंवा बेकायदा वाहतुकीत जप्त केलेले प्राणी खटला संपेपर्यंत निवारागृहाच्या किंवा पांजरपोळाच्या स्वाधीन केले जातात. त्यांच्या देखभालीसाठी केंद्राने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले. असा प्राणी म्हणजे कायद्याच्या भाषेत मुद्देमाल. तो गेला की खटल्यातील जिताजागता पुरावाच गेला.

कोण नेतो आणि कशासाठी?

निवाऱ्यात गावठी कुत्र्यांबरोबरच टाकून दिलेली जातिवंत कुत्रीही असतात. हौसेने आणलेला हस्की उन्हाळ्यात धापा टाकू लागतो, रॉटवायलर आवरेनासा होतो, घरमालक कुरकुर करतो, आणि एखाद्या पहाटे ते जनावर निवाऱ्याच्या फाटकाला बांधलेले सापडते. अशा कुत्र्याला बाजारात किंमत असते. निर्बीजीकरण न झालेली जातिवंत मादी असेल तर तिच्या प्रत्येक वेताची किंमत असते. श्वानपैदाशीसाठी २०१७ च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. कुत्र्यांना मायक्रोचिप बसवणे, नोंदी ठेवणे आणि दोन महिन्यांखालील पिल्लू न विकणे ही बंधनेही आहेत. या चौकटीबाहेर राहून पैदास करणाऱ्याला मादी कोठून आली, हे विचारण्याचे कारण नसते.

कुलूप तोडावे लागते असेही नाही. फाटकातून राजरोस आत येणारा खोटा मालक हा अधिक सोपा मार्ग आहे. हातात पट्टा, डोळ्यांत पाणी, ‘हा आमचाच, महिन्यापूर्वी हरवला होता’ ही कहाणी. कुत्रे शेपूट हलवते, आणि तेच ओळखीचे प्रमाणपत्र ठरते. वास्तविक पिंजऱ्यातले एकटे कुत्रे कोणाही प्रेमाने बोलणाऱ्यापुढे शेपूट हलवते. खोटे नाव-पत्ता देऊन दत्तक घेणारेही याच मार्गाने येतात.

तिसरा माणूस चोर म्हणवून घ्यायला मुळीच तयार नसतो. आपल्या गल्लीतले, आपण भाकरी घालून वाढवलेले कुत्रे महापालिकेच्या गाडीने नेले. ते तेथे उपाशी असेल, मारले जात असेल, या काळजीने तो रात्री भिंत ओलांडतो. न्यायालयाने कॅमेऱ्यांची अट घातली ती बहुधा याच मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण निरीक्षणातले कुत्रे कोणते आणि निर्बीजीकरणाला आणलेले कोणते, हे अंधारात त्यांना तरी कसे कळावे?

आणि चौथा म्हणजे आतलाच माणूस. त्याच्याबद्दल संस्था सहसा बोलत नाहीत. किल्ली त्याच्याकडेच असते आणि नोंदवहीही.

फाटक उघडे का राहते?

निवारागृहांची जागा बहुधा गावाबाहेर असते, कचराभूमीच्या किंवा नाल्याच्या कडेला. कारण भुंकण्याचा शेजार कोणालाच नको असतो. कुंपण असते ते कुत्री बाहेर पडू नयेत म्हणून. माणसे आत येऊ नयेत म्हणून नव्हे. त्यामुळे आतल्या बाजूने भक्कम दिसणारी जाळी बाहेरून पक्कडीने कापता येते. रात्री एखादा रखवालदार असतो. कुत्री रात्रभर भुंकतच असल्याने भुंकण्याने कोणी सावध होत नाही. घराची राखण करणारा प्राणी शंभरांच्या संख्येने एकत्र आला की राखणीला निरुपयोगी ठरतो, हा यातला विचित्र भाग आहे.

शिवाय संस्थेचा चरितार्थच दार उघडे ठेवण्यावर चालतो. देणगीदार, स्वयंसेवक, दत्तक घेऊ इच्छिणारी कुटुंबे, सुटीत मुलांना घेऊन येणारे पालक यांच्याशिवाय निवारा चालत नाही. जखमी कुत्रे घेऊन मध्यरात्री आलेल्या रिक्षावाल्याला ओळखपत्र विचारत बसले, तर तो पुढच्या वेळी ते कुत्रे रस्त्यावरच सोडून जाईल. पैशांची चणचण तर कायमचीच. औषधे आणि भात यांतून उरले तर कॅमेरा, असा हिशेब असतो.

कॅमेऱ्याने चोर दिसतो. परंतु काय चोरले गेले हे कॅमेरा सांगत नाही. ते सांगते नोंदवही, आणि ती सर्वांत कच्ची असते. ‘काळा नर, देशी, अंदाजे दोन वर्षे’ अशा नोंदीची वीस कुत्री एकाच निवाऱ्यात असू शकतात. प्राणी जन्मनियंत्रण नियम २००१ मध्ये आले, तेव्हाच पकडलेल्या कुत्र्याला ताबडतोब क्रमांकाचा पट्टा बांधावा आणि तो क्रमांक पकडल्याच्या नोंदीशी जुळावा, असे सांगितले होते. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, तरी क्रमांकाच्या पट्ट्याची अट कायम राहिली. पट्टा मात्र कात्रीने कापता येतो. निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून कानाला पाडलेली खाच कायम टिकते. पण ती सगळ्यांच्याच कानाला असते.

आठ आण्यांचा धडा

निवारा आणि चोरी यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. मुंबईत इंग्रजी अमलात भटकी कुत्री ठरावीक महिन्यांत मारण्याची पद्धत होती आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. इनामाच्या लोभाने कुत्री मारणारे रस्त्यावर थांबले नाहीत. घरांतली, पाळलेली कुत्रीही त्यांनी ओढून नेली. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाचा संताप अनावर झाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कोट भागात दंगल उसळली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. आजही ती भुलेश्वर परिसरात आहे.

आज कुत्री मारण्याचे इनाम नाही. पण निर्बीजीकरणासाठी स्थानिक संस्था दर कुत्र्यामागे ठरावीक रक्कम देतात. डोकी मोजून पैसे मिळतात तेथे डोकी वाढवण्याचा मोह असतोच. म्हणूनच काढलेल्या अवयवांची मोजणी करून आकड्यांचा पडताळा घेण्याची पद्धत आली. आत आलेल्यांचा असा पडताळा घेतला जातो. बाहेर गेलेल्यांचा तेवढ्या काटेकोरपणे घेणारी यंत्रणा क्वचितच दिसते.

कायद्याच्या नजरेत कुत्रा

इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात कुत्रा हा चोरीचा विषयच मानला जात नसे. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही, निव्वळ हौसेचा, असा त्यामागचा विचार होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेने मात्र चोरीची व्याख्या समजावताना कुत्र्याचेच उदाहरण घेतले. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावले, आणि हेतू अप्रामाणिक असेल, तर कुत्रा मागोमाग चालू लागताक्षणी चोरी पूर्ण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही हे उदाहरण कायम आहे.

या व्याख्येतील एक बारकावा निवारागृहांच्या फार उपयोगाचा आहे. चोरीचा गुन्हा मालकीविरुद्ध नव्हे, तर ताब्याविरुद्ध घडतो. रस्त्यावरचे बेवारस कुत्रे कोणाच्याच ताब्यात नसते, त्यामुळे त्याची ‘चोरी’ सिद्ध करणे अवघड. तेच कुत्रे निवाऱ्याच्या फाटकाआड आले की संस्थेच्या ताब्यात येते. संस्था त्याची मालक नसली तरी ते तिच्याकडून चोरता येते, आणि म्हणून चोरीची तक्रारही तिला करता येते. ‘कुत्रा काही आमच्या मालकीचा नव्हता’ असे म्हणून गप्प बसणाऱ्या व्यवस्थापकांना हे ठाऊक असायला हवे.

अडचण पुढे आहे. चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल आणि आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर समाजसेवेची शिक्षा आहे. असा गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आता तीन पायांच्या गावठी कुत्रीची बाजारातील किंमत किती? पोलीस ठाण्यात हा प्रश्न विचारला गेला की तक्रारदार निरुत्तर होतो. हस्की चोरला तर दखलपात्र आणि गावठी चोरला तर अदखलपात्र, असा हा भेद आहे.

गंमत अशी की, याच संहितेने प्राण्याला ठार मारण्याच्या बाबतीत किंमतीचा निकष काढून टाकला. जुन्या संहितेत दहा रुपयांच्या आणि पन्नास रुपयांच्या जनावरांसाठी दोन निरनिराळी कलमे होती. नव्या कलम ३२५ मध्ये कोणत्याही प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. मारताना सगळी कुत्री समान. चोरताना मात्र नाहीत.

कलम ३०५ कडे मात्र निवारागृहांचे लक्ष जात नाही. माणसांच्या वस्तीसाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढते. निवाऱ्याची बंदिस्त इमारत या वर्णनात बसते असा युक्तिवाद करता येतो. त्यासाठी तक्रारीत ‘आवारातून कुत्रा गेला’ एवढेच न लिहिता कोणत्या इमारतीतून, कोणत्या कुलूपबंद पिंजऱ्यातून आणि कोणत्या क्रमांकाचा कुत्रा गेला, हे लिहावे लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आधार मात्र फारसा नाही. त्यातील कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे.

ब्रिटनमध्ये करोनाकाळात कुत्र्यांना मागणी आणि किंमत वाढली, तसा चोऱ्यांचा प्रश्नही गाजला. सरकारने २०२१ मध्ये कृतिदल नेमले आणि २०२४ मध्ये पाळीव प्राण्यांच्या अपहरणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. कुत्रा किंवा मांजर पळवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, आणि त्यात प्राण्याची बाजारातील किंमत विचारात घेण्याचे कारण नाही.

पंधरा अंकांची ओळख

चोर सापडला, कुत्राही सापडला, तरी ‘हा तोच’ हे सिद्ध कसे करायचे? येथे मायक्रोचिप उपयोगी पडते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधल्या भागात कातडीखाली सुईने बसवतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ धरला की ती पंधरा अंकी क्रमांक सांगते, बस्स. तिच्यामुळे हरवलेला कुत्रा मोबाइलच्या नकाशावर दिसतो, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. क्रमांकापुढे कोणाचे नाव लिहिले आहे, यावरच तिचे मोल ठरते. आणि श्वानांच्या बाबतीत संपूर्ण देशासाठी एकच सक्तीची नोंदयादी आपल्याकडे नाही. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आणि त्यामागे राष्ट्रीय नोंद, ही व्यवस्था गावोगावी पोहोचली. कुत्र्याच्या वाट्याला ती आलेली नाही.

चिप परवडत नसेल तर छायाचित्रे आहेतच. दोन्ही बाजूंनी, समोरून, पोटावरच्या आणि पंज्यावरच्या खुणांसह चार छायाचित्रे काढायला मोबाइल पुरतो. ती आल्याच दिवशी काढली जातात की दत्तकाची जाहिरात करायच्या वेळी, हा प्रश्न आहे.

पेपर नावाचा डाल्मेशियन

निवाऱ्यातील ढिसाळपणाची किंमत काय असू शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६५ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील एका शेतघरातून ‘पेपर’ ही डाल्मेशियन जातीची कुत्री नाहीशी झाली. त्याच सुमारास प्रयोगशाळांना प्राणी पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याची खचाखच भरलेली गाडी पोलिसांनी अडवली आणि त्यातील जनावरे तात्पुरती स्थानिक निवाऱ्यात उतरवली. पेपर त्यांत असावी, असा सुगावा तिच्या कुटुंबाला लागला. पण ते शोध घेईपर्यंत निवाऱ्याने जनावरे त्या व्यापाऱ्याला परत देऊन टाकली होती. ज्या दारात ती वाचू शकली असती, त्याच दारातून ती पुन्हा बाहेर गेली. पुढे कळले ते एवढेच की न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात प्रयोगादरम्यान तिचा मृत्यू झाला होता.

न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जोसेफ रेझनिक यांनी या प्रकरणावरून विधेयक मांडले. फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांच्या आवारातील छायाचित्रे छापली आणि लोकमत खवळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या कल्याणाचा कायदा स्वाक्षरीने अमलात आणला. निवाऱ्याच्या दारातील फट मात्र पुढे अनेक वर्षे राहिली. १९९० च्या दुरुस्तीने अशा व्यापाऱ्याच्या हाती कुत्रा देण्यापूर्वी निवाऱ्याने तो किमान पाच दिवस ठेवलाच पाहिजे, असे बंधन घातले. मालकाला शोधत येण्यासाठी पाच दिवस.

शोधायला येणाऱ्याने काय आणावे?

भारतात कुत्रे हरवले तर बहुतेक जण भिंतींवर कागद चिकटवतात, व्हॉट्सॲपवर छायाचित्र फिरवतात, आणि जवळच्या निवारागृहात शेवटी जातात. क्रम उलटा असावा. पहिल्याच दिवशी परिसरातील प्रत्येक निवाऱ्यात स्वतः जावे. फोनवर वर्णन सांगून भागत नाही, कारण तुमचा ‘बिस्किटी रंग’ तेथील नोंदवहीत ‘पिवळा’ म्हणून लिहिलेला असू शकतो. लसीकरणाचे कार्ड, पशुवैद्यकाच्या पावत्या, महापालिकेचा श्वानपरवाना असेल तर तो, आणि कुत्र्याची जुनी छायाचित्रे जवळ असावीत. चिप असेल तर क्रमांकासमोर आपला सध्याचा फोन क्रमांक आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे. घर बदलल्यावर विजेच्या बिलावरचे नाव बदलण्याची घाई सगळेच करतात. चिपच्या नोंदीची आठवण कोणाला होत नाही.

निवाऱ्यानेही हीच कागदपत्रे मागावीत, आणि न मिळाल्यास कुत्रे देऊ नये. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, खात्री पटेपर्यंत एक-दोन दिवस थांबवावे. खरा मालक चिडेल, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येईल. दत्तक देण्यापूर्वी निर्बीजीकरण उरकले, तर पैदाशीसाठी मादी शोधणाऱ्याचा रस तेथेच संपतो. किल्ल्या दोघांकडे विभागून असाव्यात. आणि संध्याकाळी पिंजरे बंद करताना एकाने कुत्री मोजावीत, दुसऱ्याने आकडा लिहावा. सकाळी हेच काम दोघांनी अदलाबदल करून करावे. या मोजणीला खर्च नाही, पंधरा-वीस मिनिटे लागतात. रात्रीतून काही घडले असेल, तर ते सकाळच्या भाताआधी कळते आणि पोलीस ठाण्यात जाताना हातात तारीख, पिंजऱ्याचा क्रमांक आणि छायाचित्र असते.